विश्लेषण : मूल हुशार, पण वाचता येत नाही! अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी वर्ग निवडताना नेमकं काय पाहायचं?

'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' माझ्या भाच्याच्या वहीत पहिलीपासून हा शेरा आहे. दुसरीत त्यात 'अक्षर सुधारणे आवश्यक' याची भर पडली. तिसरीत बाईंनी ताईला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याच्या भल्यासाठीच सांगते, तुम्ही दुसरी शाळा बघा."

हा मुलगा मेट्रोचे दरवाजे कसे उघडतात आणि मध्येच कोणी हात घातला तर काय होतं, हे पाहुण्यांना अर्धा तास समजावून सांगतो. 'प्रत्येक' हा शब्द समोर आला की मात्र थांबतो. 'प', मग 'त', मग खिडकीबाहेर नजर.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिने फोन केला, "तू न्यूजडेस्कवर असतोस ना, मग शोधून सांग. अशा मुलांसाठी चांगली शाळा कुठली?" इंजिनीअर झालेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. एक्सेल शीट उघडली आणि रकाने आखले: फी, अंतर, बोर्ड, माध्यम. तीन आठवड्यांत आम्ही पाच शाळा पाहिल्या. पाचवीतून बाहेर पडताना लक्षात आलं की आखलेले रकानेच चुकीचे होते. कोणते हवे होते, ते या लेखात.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली आहे, दृष्टी आणि श्रवण ठीक आहे, शिकवलंही जातंय, तरी वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने बरंच मागे आहे आणि ते मागेच राहतंय, अशा स्थितीला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि गणितातील डिसकॅल्क्युलिया. अनेक मुलांत यातल्या दोन अडचणी एकत्र असतात. 'तारे जमीं पर' २००७ मध्ये आल्यानंतर यातला पहिला शब्द घराघरात पोहोचला. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने मात्र त्याच्या ११ वर्षं आधी, म्हणजे १९९६ मध्येच घेतला होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यापैकी एक आहे. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सरकारी अनुदान असलेल्या किंवा सरकारमान्य सर्व शिक्षणसंस्थांनी अशी मुलं लवकरात लवकर ओळखावीत आणि त्यांच्यासाठी योग्य अध्यापनाचे उपाय करावेत, असं त्याचं कलम १६ सांगतं. म्हणजे 'आमच्याकडे अशी सोय नाही' हे मान्यताप्राप्त शाळेचं उत्तर कायद्यात बसत नाही. आम्ही ते पाचपैकी तीन शाळांत ऐकलं. तिन्ही ठिकाणी चहा विचारून, अगदी गोड बोलून.

आधी तपासणी की आधी शाळा?

तपासणी. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. नंबरचा चष्मा लागल्यावर अर्ध्या तक्रारी संपल्या, असंही घडतं. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, आणि मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताच्या प्रमाणित चाचण्या.

सरकारी प्रमाणपत्रासाठी २०१८ मध्ये केंद्राने जी कार्यपद्धती जाहीर केली, तिच्यात प्रमाणपत्राचं किमान वय आठ वर्षं ठेवलं होतं आणि पुढे १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती. मार्च २०२४ मध्ये या मार्गदर्शक सूचना सुधारल्या गेल्या. त्यामुळे अर्ज करताना चालू नियम रुग्णालयातच विचारून घ्या. अर्ज स्वावलंबन पोर्टलवरून होतो आणि त्यावरच युडीआयडी कार्ड मिळतं.

आठ वर्षांच्या अटीमागे कारण आहे. सहा-सात वर्षांची बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात आणि पुढे आपोआप सुधारतात. मात्र या अटीचा अर्थ पालक आणि कधीकधी शाळाही चुकीचा लावतात. 'आठ पूर्ण होऊ दे, मग बघू' या वाक्यात मुलाची पहिली-दुसरी, म्हणजे वाचन शिकण्याची मुख्य दोन वर्षं निघून जातात. परीक्षेतल्या सवलतींसाठी कागद लागतो, पण मुलाला वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवण्यासाठी कोणत्याही कागदाची गरज नसते. ते पहिलीतही सुरू करता येतं. एनसीईआरटीने शिक्षकांसाठी 'प्रशस्त' नावाची प्राथमिक चाचपणीची यादी तयार केली आहे, तिचं अ‍ॅपही आहे. तिच्यातून निदान होत नाही. पण 'लक्ष देत नाही' या शेऱ्यापेक्षा ती कितीतरी उपयोगाची आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मुलंही पात्र आहेत. पण हे प्रवेश शाळेच्या प्रवेशस्तरावर, म्हणजे नर्सरी किंवा पहिलीला होतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मूल तिसरीत पोहोचलेलं असतं. दार आहे, पण ते उघडतं तेव्हा या मुलांकडे दाखवायला कागदच नसतो.

इंग्रजीतून काढून मराठी माध्यमात टाकलं तर?

मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो. आमच्याकडे तो आजोबांनी विचारला, "आपल्या भाषेत असता तर शिकला असता की नाही?"

उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. इंग्रजीत २६ अक्षरं आणि त्यातून सुमारे ४४ ध्वनी. एकाच अक्षराचा उच्चार शब्दागणिक बदलतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी ही कसोटीच असते. देवनागरी त्या मानाने प्रामाणिक लिपी आहे, लिहिलं तसं बरंचसं वाचता येतं. म्हणून मराठीत अशी मुलं अनेकदा अचूक वाचतात, पण फार हळू. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शिवाय देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. मात्रा, वेलांटी, उकार अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे लागतात. 'कि' मधली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. घ-ध, भ-म, ड-ढ या जोड्या गोंधळात टाकतात. आणि जोडाक्षरं तर आहेतच. आमचा 'प्रत्येक' तिथेच अडतो.

म्हणजे माध्यम बदलल्याने डिस्लेक्सिया जात नाही. मात्र ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही, तिथल्या मुलावर दोन ओझी असतात. एक वाचनाच्या अडचणीचं आणि दुसरं न कळणाऱ्या भाषेचं. यातलं किती कशामुळे, हे दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय कळत नाही. मूल फक्त इंग्रजीत अडतंय आणि मराठी वयानुसार वाचतंय, तर कारण भाषेच्या सरावात असण्याची शक्यता जास्त. दोन्हींत अडतंय, तर संशय पक्का होतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' हा चाचणीसंच विकसित केला, त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. त्यामुळे मानसशास्त्रज्ञाने फक्त इंग्रजीत चाचणी घेतली असेल, तर 'मराठीत का नाही?' हे विचारायला संकोचू नका.

आणि मराठीत बदल करायचाच असेल, तर नव्या शाळेत मुलाला वाचन नव्याने कोण शिकवणार, हे आधी ठरवा. नाहीतर तोच मुलगा, तीच अडचण, फक्त दप्तरावरचं शाळेचं नाव वेगळं.

पर्याय कोणते आहेत?

पहिला पर्याय म्हणजे नेहमीचाच वर्ग, पण बदलांसह. पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, प्रश्न वाचून दाखवणं, काही उत्तरं तोंडी घेणं. सौम्य अडचणीसाठी एवढंही बरंच काही असतं. यात खर्च जवळपास नाही, लागते ती शिक्षकाची तयारी. एका वर्गात पन्नास-साठ मुलं असतील तर ही तयारी कितपत टिकेल, हा प्रश्न रास्त आहे आणि त्यासाठी शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा पर्याय, नेहमीचा वर्ग आणि आठवड्यातून ठरावीक तास रिसोर्स रूममध्ये. तिथे विशेष शिक्षक एकट्याला किंवा तीन-चार मुलांच्या गटाला ध्वनी, अक्षर, शब्द अशा पायऱ्यांनी शिकवतात. निव्वळ अध्ययन अक्षमता असलेल्या बहुतेक मुलांसाठी हीच व्यवस्था सर्वात जास्त जुळते, असं माझं आता मत झालं आहे. मित्र तेच राहतात, विज्ञान-इतिहास ऐकून समजतो, आणि वाचनावर वेगळं काम होतं. शाळेत रिसोर्स रूम नसेल तर पालक बाहेर खासगी रेमेडियल शिकवणी लावतात. ती महाग पडते. मोठ्या शहरांबाहेर तर अनेकदा मिळतच नाही. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांत समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, ते गटातल्या अनेक शाळा फिरून सांभाळतात. आपल्या शाळेत ते कोणत्या वारी येतात, हे मुख्याध्यापकांना किंवा गट साधन केंद्रात विचारता येतं.

तिसरा, विशेष शाळा. इथे पालकांचा गोंधळ होतो. राज्यातल्या बहुतेक विशेष शाळा बौद्धिक अक्षमता, अंधत्व किंवा कर्णबधिरत्व असलेल्या मुलांसाठी आहेत. फक्त डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला तिथे घातलं, तर त्याच्या आकलनाला पुरेसं खाद्य मिळत नाही. मात्र अडचणी अनेक असतील, म्हणजे स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमताही असेल, तर काही मुलांसाठी हीच जागा सर्वात सुखाची ठरते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड पालकांची आणि मुलाची. शाळेने ती करायची नसते.

चौथा, मुक्त विद्यालय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव नोंदवता येतं. पाच विषय, त्यात एकच भाषा घेतली तरी चालते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. गणिताने किंवा तीन भाषांनी जेरीस आलेल्या नववीतल्या मुलासाठी हा सुटकेचा रस्ता असू शकतो. पण रोजचा वर्ग नाही, डब्याची सुट्टी नाही, गॅदरिंग नाही. अभ्यासाचा सगळा भार घरावर. चौथी-पाचवीतल्या मुलाला 'पुढे एनआयओएस करूच की' म्हणून शाळेतून काढणं, हे मला तरी घाईचं वाटतं.

आणि एक पर्याय जो शाळा हमखास सुचवतात: त्याच वर्गात पुन्हा बसवा. राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झाल्यास मूल मागे राहू शकतं. त्यामुळे ही भीती खरी आहे. पण ज्या पद्धतीने शिकवून पहिल्यांदा जमलं नाही, त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष शिकवून काय बदलणार? पद्धत बदलणार असेल, तरच बोलणी पुढे न्या.

शाळेत गेल्यावर काय विचारायचं?

माझे जुने रकाने इथेच मोडीत निघाले. 'तुमच्याकडे अशी मुलं घेता का?' या प्रश्नाला पाचपैकी दोन शाळांनी 'हो' म्हटलं. मग ताईने विचारलं, "मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझा मुलगा कुठे बसलेला असेल आणि त्याच्याशेजारी कोण असेल?" एका ठिकाणी समोरच्या मॅडम गप्पच झाल्या. माझ्या सगळ्या शीटपेक्षा हा एक प्रश्न भारी होता.

त्याच धर्तीवर पुढचे प्रश्न विचारा. विशेष शिक्षक पूर्णवेळ आहेत की आठवड्यातून एकदा येणारे? त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक असतो, तो विचारण्यात काही गैर नाही. त्यांच्याकडे एकूण किती मुलं आहेत? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढच्या स्तरांवर पंधरा अशा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं आहे. शाळेतला आकडा त्याच्या जवळपास आहे का, हे पाहा.

रिसोर्स रूमला नेताना कोणता तास बुडतो, हेही विचारा. हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता, पुढे त्याची किंमत मोजावी लागली. ते शेवटी सांगतो.

मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा लेखी बनतो का? तीन महिन्यांत त्याने काय वाचावं, कोण शिकवणार, कसं तपासणार, एवढं एका पानावर असलं तरी पुरे. 'आम्ही वैयक्तिक लक्ष देतो' हे वाक्य माहितीपत्रकातलं असतं, आराखडा नव्हे. आणि शक्य असेल तर चालू वर्ग पाहण्याची परवानगी मागा. हळू वाचणाऱ्या मुलाला बाई उभं करून मोठ्याने वाचायला लावतात का आणि बाकीची मुलं हसली तर बाई काय करतात, हे दहा मिनिटांत कळतं.

काही शाळा शॅडो टीचर आणायला सांगतात. म्हणजे मुलाशेजारी दिवसभर बसणारी व्यक्ती, आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा. वर्तनाच्या किंवा एकाग्रतेच्या मोठ्या अडचणीत त्याची गरज असू शकते. निव्वळ वाचनाच्या अडचणीसाठी दिवसभर कोणी चिकटून बसण्याची गरज सहसा नसते. उलट मूल वेगळं पडतं.

सवलती कधी आणि कशा?

प्रमाणपत्र असेल तर वाढीव वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेतून सूट, अशा सवलती मिळतात. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांचे तपशील वेगवेगळे आहेत, म्हणून आपल्या मंडळाचं परिपत्रक शाळेकडून लेखी घ्या. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ नको असेल, तर नववी सुरू होण्यापूर्वी कागद तयार ठेवा. सरकारी रुग्णालयांत तारखा लांबच्या मिळतात. ताईला पहिली तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची, आणि त्या दिवशी गेल्यावर कळलं की शाळेचं पत्र विहित नमुन्यात नाही. मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि शाळेचं पत्र सोबत न्या. पत्राचा नमुना आधीच मागून घ्या.

लेखनिकाबद्दल एक सूचना. दहावीतच पहिल्यांदा लेखनिक दिला, तर मुलाला तोंडी सांगून लिहून घेण्याची सवय नसते. वाक्य मनात जुळवून दुसऱ्याला सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. सहावी-सातवीच्या घटक चाचण्यांतच त्याचा सराव हवा.

सवलतीच्या या जाळ्यातून निसटणारी मुलं मात्र आहेत. बुद्ध्यांक ७० च्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमता, आणि सरासरीच्या आसपास किंवा वर असेल तरच अध्ययन अक्षमतेचं निदान. मधल्या, ढोबळमानाने ७० ते ८५ या पट्ट्यातल्या मुलांना 'स्लो लर्नर' म्हणतात. त्यांना शिकायला जास्त वेळ लागतो हे सगळ्यांना दिसतं, पण त्यांच्यासाठी प्रमाणपत्राचा रकानाच नाही. त्यांच्या पालकांनी सवलतींमागे धावण्यापेक्षा वर्गसंख्या कमी असलेली शाळा आणि पहिल्या पर्यायातले बदल, यांवर जोर द्यावा. धोरण म्हणून हा अन्याय आहे, हे इथे नोंदवायला हवं.

शाळेने प्रवेश नाकारला किंवा काढायला सांगितलं तर?

तोंडी नकार स्वीकारू नका, लेखी मागा. अर्ध्या वेळा बोलणं तिथेच मवाळ होतं. लेखी नकार मिळालाच, तर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. सहा ते चौदा वयात शाळेतून काढून टाकण्यास शिक्षण हक्क कायद्यानेही मनाई आहे. मात्र जिथे भांडून राहावं लागतं, तिथे रोज सहा तास मुलाला बसायचं आहे, हाही विचार करावा लागतो. ताईने भांडण केलं नाही. हक्क होता, पण तिला त्या बाई त्याच्यासाठी नको होत्या.

भाचा आता चौथीत आहे. शाळा नवी, घरापासून जरा लांब, माध्यम तेच. विशेष शिक्षिका पूर्णवेळ आहेत आणि आठवड्यातून तीन तास त्याला वेगळं शिकवतात. जूनमध्ये 'प्रत्येक'वर अडणारा मुलगा परवा रिक्षाच्या मागची पाटी पूर्ण वाचून दाखवत होता, तीन ठिकाणी थांबून. फक्त त्या तीन तासांपैकी दोन चित्रकलेच्या वेळेत येतात, आणि चित्रकला हा त्याचा एकमेव विषय होता ज्यात पहिल्या नंबरची सवय होती. गेल्या महिन्यात त्याने ताईला विचारलं, "मला चांगलं येतं तेच का बंद केलं?" ताईने शाळेला वेळापत्रक बदलण्याचं पत्र दिलंय. उत्तर दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळणार आहे.